आपल्या तालुक्यातील ‘मधले घर’ किती कमावते?

वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते की, अमुक जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न इतके हजार रुपये झाले आणि गेल्या काही वर्षांत ते इतक्या टक्क्यांनी वाढले. ती वाचून वर्गातील एखादी चौकस मुलगी विचारते, “आमच्या घरात काही एवढे पैसे येत नाहीत. मग ते येतात तरी कोणाच्या घरात?” प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर देण्यासाठी संख्याशास्त्रातील बऱ्याच कल्पना हाताळाव्या लागतात. शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा किती असावी, कोणत्या तालुक्याला जास्त निधी मिळावा, एखाद्या योजनेने लोकांचे खरोखर भले झाले का, हे सारे निर्णय शेवटी याच प्रश्नाशी येऊन थांबतात. म्हणून या लेखात आपण एका लहान प्रदेशातील, समजा एका तालुक्यातील, मधल्या कुटुंबाचे उत्पन्न कसे काढतात आणि ते काळाबरोबर कसे बदलले हे कसे ओळखतात, ते पाहणार आहोत.

सरासरी आणि मध्यक

बातमीतील जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न कुटुंबांना विचारून काढलेले नसते. जिल्ह्यात वर्षभरात झालेल्या उत्पादनाचे मूल्य काढायचे, त्यातून यंत्रसामग्रीची झीज वगैरे वजा करायची आणि उरलेल्या रकमेला लोकसंख्येने भागायचे, अशी ही रीत आहे. जिल्ह्यात एखादे मोठे वीजनिर्मिती केंद्र असले, तर त्याचे उत्पादन त्या जिल्ह्याच्या खात्यात जमा होते. त्यातला नफा तिथल्या घरांत येतोच असे नाही. शिवाय ही सरासरी असल्यामुळे तिला थोड्या श्रीमंतांचा मोठा आकडा वर ओढतो.

समजा, एका वाडीत सात घरे आहेत आणि त्यांचे मासिक उत्पन्न हजार रुपयांत ६, ७, ९, १०, १२, १६ आणि १५० असे आहे. बेरीज २१०, म्हणून सरासरी ३० हजार. प्रत्यक्षात सातांपैकी सहा घरे या सरासरीच्या बरीच खाली आहेत. आता उत्पन्ने चढत्या क्रमाने मांडून मधोमध येणारी, म्हणजे चौथी संख्या घेऊ. ती १० हजार आहे. हाच मध्यक. निम्मी घरे त्याच्या खाली, निम्मी वर. सातव्या घराचे उत्पन्न १५० चे ५०० झाले, तरी मध्यक जागचा हलत नाही. ‘सामान्य घराची स्थिती काय’ हे विचारायचे असेल, तर मध्यकच योग्य ठरतो तो यामुळे.

मध्यकाची एक अडचणही लक्षात ठेवली पाहिजे. दोन भागांचे मध्यक माहीत असले, तरी त्यांवरून एकत्रित भागाचा मध्यक मिळत नाही. एका गावात तीन घरे आहेत : ८, १० आणि ११ हजार. मध्यक १०. शेजारच्या गावात पाच घरे आहेत : ९, १२, ३०, ३२ आणि ४०. मध्यक ३०. दोन मध्यकांची सरासरी २० येते. घरांच्या संख्येनुसार भार देऊन काढली तर साडेबावीस येते. पण आठही घरे एका ओळीत मांडली, तर ८, ९, १०, ११, १२, ३०, ३२, ४० असा क्रम लागतो आणि मध्यक अवघा साडेअकरा हजार निघतो. म्हणून गावांच्या मध्यकांवरून तालुक्याचा मध्यक काढण्याचा मोह टाळावा. त्यासाठी मूळ आकड्यांकडेच परत जावे लागते.

वर्गवारीतून मध्यक

प्रत्यक्षात मूळ आकडे क्वचितच हाती येतात. लोक नेमका आकडा सांगायला नाखूश असतात, आणि गुप्तता राखण्यासाठी सरकारी तक्त्यांतही ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत इतकी कुटुंबे’ अशी वर्गवारीच छापतात. अशा वेळी दहावीच्या पुस्तकातील वर्गीकृत सारणीचा मध्यक कामाला येतो.

समजा, ४०० कुटुंबांची मासिक उत्पन्ने अशी आहेत : पाच हजारांहून कमी ६० कुटुंबे, ५ ते १० हजार ११०, १० ते १५ हजार ९०, १५ ते २५ हजार ८०, २५ ते ५० हजार ४५ आणि ५० हजारांच्या वर १५. मधले कुटुंब म्हणजे सुमारे दोनशेवे. पहिल्या दोन वर्गांत मिळून १७० कुटुंबे संपतात, म्हणून ते तिसऱ्या वर्गात आहे. त्या वर्गातील ९० पैकी ३० कुटुंबे ओलांडली की आपण त्याच्यापाशी पोचतो. कुटुंबे वर्गात सारख्या अंतराने पसरली आहेत असे मानले, तर मध्यक = १०,००० + (३० ÷ ९०) × ५,००० = ११,६६७ रुपये. शेवटचा वर्ग उघडा आहे, पण त्याने आपले काहीच अडले नाही. सरासरी काढायची असती, तर त्या १५ कुटुंबांचे उत्पन्न किती धरायचे हा प्रश्न पडला असता.

‘सारख्या अंतराने’ हे गृहीत मात्र तपासून घ्यायला हवे. मध्यकाच्या आसपास आणि त्याच्या वर, उत्पन्न वाढते तशी कुटुंबे विरळ होत जातात. इटालियन अर्थशास्त्रज्ञ व्हिल्फ्रेडो पॅरेटो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वरच्या उत्पन्नांसाठी या विरळ होण्याचा एक नियम सुचवला होता. तो याच वर्गाला लावला, तर मध्यक सुमारे ११,२०० रुपये निघतो. आकडे तेच, पण रीत बदलताच साडेचारशे रुपयांचा फरक पडला. एका वर्षी एक रीत आणि पुढच्या वर्षी दुसरी वापरली, तर कोणाचे काही कमी न होता ‘उत्पन्न घटले’ अशी बातमी होऊ शकेल. वर्ग जितके अरुंद, तितका हा धोका कमी.

वर्ग फार रुंद ठेवले की काय होते, याचे आपल्याकडचे उदाहरण म्हणजे २०११ ची सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणना. तिच्यात ग्रामीण कुटुंबातील सर्वाधिक कमावत्या व्यक्तीचे मासिक उत्पन्न तीनच वर्गांत विचारले होते : पाच हजारांहून कमी, पाच ते दहा हजार आणि दहा हजारांहून जास्त. देशातील जवळजवळ तीन चतुर्थांश ग्रामीण कुटुंबे पहिल्याच वर्गात आली. मधले कुटुंब पाच हजारांच्या खाली आहे एवढे त्यावरून निश्चित कळते. ते हजारापाशी आहे की साडेचार हजारांपाशी, हे कळायला काहीच मार्ग नाही.

कुटुंब कोणते, उत्पन्न कोणते?

मोजण्याआधी व्याख्या हवी. आपल्या जनगणनेत कुटुंब म्हणजे सामान्यतः एकत्र राहणारी व एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे. आता समजा, एका चुलीवर दोन भाऊ आहेत आणि दोघे मिळून २४ हजार मिळवतात. उद्या चुली वेगळ्या झाल्या, तर २४ हजारांच्या एका कुटुंबाऐवजी १२ हजारांची दोन कुटुंबे झाली. कोणीही गरीब झाले नाही, तरी तालुक्याचा मध्यक खाली येऊ शकतो. एकत्र कुटुंबे वेगाने विभागली जात असतील, अशा काळात वीस वर्षांची तुलना करताना कुटुंबाचा सरासरी आकारही पाहायलाच हवा. अमेरिकेत एका खोलीत भाड्याने राहणारा विद्यार्थीही स्वतंत्र कुटुंब धरतात. त्यामुळे तिथे विद्यापीठांच्या गावांत मध्यक बराच कमी दिसतो.

उत्पन्नाचे दुखणे याहून मोठे. पगारदाराला ते चटकन सांगता येते. शेतकऱ्याला बियाणे, खत, मजुरी वजा करून काय उरले ते सांगायचे असते, घरी ठेवलेल्या ज्वारीची किंमत धरायची असते, आणि एक वर्ष दुष्काळाचे तर दुसरे बऱ्या पावसाचे असते. रोजंदारीवरच्या मजुराला गेल्या महिन्याचे आठवते, गेल्या वर्षाचे आठवत नाही. आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने १९६० च्या दशकात उत्पन्न विचारण्याचे प्रयोग केले. लोकांनी सांगितलेले उत्पन्न हे त्यांचा खर्च आणि बचत यांच्या बेरजेहून कमी भरले. तेव्हापासून आपल्याकडे मुख्य भर कुटुंबाच्या खर्चाच्या पाहणीवर राहिला. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ मध्ये जाहीर केले की, देशव्यापी कौटुंबिक उत्पन्न पाहणी २०२६ मध्ये घेतली जाईल. वर सांगितलेल्या सगळ्या अडचणी तिच्याही वाटेत आहेत.

शितावरून भाताची परीक्षा

प्रत्येक घरी जाऊन विचारणे शक्य नसते. म्हणून काही घरे निवडून विचारायचे. भात शिजला का हे पाहायला एक शीत पुरते, पातेले लहान असो की मोठे. मात्र भात नीट ढवळलेला हवा. यदृच्छ निवड, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली निवड, हे ढवळण्याचेच काम करते. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी याच तत्त्वावर उभी आहे.

भाताच्या या दाखल्यातून एक गोष्ट निघते, तिकडे सहसा लक्ष जात नाही. अंदाजाची अचूकता मुख्यतः नमुन्यात किती घरे आहेत यावर ठरते. प्रदेश किती मोठा आहे यावर ती फारशी अवलंबून नसते. म्हणजे संपूर्ण राज्यासाठी जेवढी घरे विचारावी लागतील, जवळजवळ तेवढीच एका तालुक्यासाठीही लागतील. लहान प्रदेशाचा अंदाज अवघड का, याचे मूळ इथे आहे. २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्च पाहणीत देशभरातील २,६१,७४६ कुटुंबे होती. आकडा मोठा वाटतो. पण देशात सातशेहून अधिक जिल्हे आहेत, तेव्हा जिल्ह्याला सरासरी साडेतीनशेच्या आसपास कुटुंबे आली. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके आहेत. त्या हिशेबाने तालुक्याच्या वाट्याला पस्तीसएक कुटुंबे येतात.

पस्तीस घरांवरून मध्यक किती विश्वासाने सांगता येईल? याचे एक सोपे गणित आहे. नमुन्यातील घरे चढत्या क्रमाने मांडा. घरांच्या संख्येच्या निम्मे घ्या आणि त्यातून संख्येचे वर्गमूळ वजा करा, तसेच त्यात मिळवा. साधारण त्या दोन क्रमांकांच्या दरम्यान खरा मध्यक असण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के असते. शंभर घरे असतील, तर साधारण चाळिसावे आणि एकसष्टावे घर या सीमा झाल्या. पस्तीस घरांसाठी त्या बारावे आणि चोविसावे घर अशा येतात. बाराव्या घराचे उत्पन्न ८ हजार आणि चोविसाव्याचे १६ हजार असेल, तर आपल्याला एवढेच म्हणता येईल की मध्यक ८ ते १६ हजारांच्या दरम्यान कुठेतरी आहे. अशा अंदाजावरून तालुका यंदा पुढे गेला की मागे, हे सांगता येणार नाही. खरी पाहणी काही गावे निवडून त्यांतली घरे घेते आणि एका गावातील घरे एकमेकांसारखी असतात. त्यामुळे प्रत्यक्षातली अनिश्चितता याहूनही जास्त असते.

अमेरिकेची तोड

अमेरिकेतील पद्धत या बाबतीत अभ्यासण्याजोगी आहे. तिथल्या जनगणनेत १९४० मध्ये प्रथम मजुरी व पगाराच्या उत्पन्नाचा प्रश्न आला. पुढे दर दहा वर्षांनी काही कुटुंबांना लांबलचक प्रश्नावली दिली जाई. २००० मध्ये ती सुमारे सहांपैकी एका कुटुंबाला दिली होती. नमुना मोठा असल्याने लहान गावांचेही अंदाज चांगले मिळत, पण दहा वर्षांतून एकदाच. २००५ पासून तिची जागा वर्षभर चालणाऱ्या पाहणीने घेतली. हल्ली तीत दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्ते निवडतात. पासष्ट हजार किंवा त्याहून अधिक वस्तीच्या प्रदेशांचे आकडे दरवर्षी देतात. त्याहून लहान प्रदेशांसाठी पाच वर्षांची कुटुंबे एकत्र करून, सर्व उत्पन्ने शेवटच्या वर्षाच्या किमतींत बदलून, एकच आकडा देतात. प्रत्येक आकड्याशेजारी त्याची त्रुटीमर्यादाही छापलेली असते. ही सवय आपणही उचलावी.

पाच वर्षांचा आकडा स्थिर असतो, पण त्याला स्मरण फार. २०१४-१८ आणि २०१५-१९ या दोन आकड्यांत चार वर्षे समान आहेत. फरक पडला तर तो केवळ २०१४ गेल्याने आणि २०१९ आल्याने. म्हणून खरा बदल पाहायचा असेल, तर एकमेकांत न मिसळणारे काळ घ्यावेत, उदाहरणार्थ २०१४-१८ आणि २०१९-२३.

उसनवारीचे गणित

थोड्या घरांवरून अंदाज करायची वेळ आली, तर बाहेरची माहिती उसनी घेता येते. ही कल्पना १९७९ मध्ये रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट यांनी नीट मांडली. हजाराहून कमी वस्तीच्या गावांचे दरडोई उत्पन्न त्यांना हवे होते. त्यांनी प्रत्येक गावासाठी दोन अंदाज घेतले. एक, त्या गावच्या नमुन्यातून आलेला थेट अंदाज. दुसरा, करांची विवरणपत्रे, घरांच्या किमती अशा नोंदींवरून ‘असे गाव असेल तर उत्पन्न साधारण इतके’ असे सांगणारा. दोघांचे मिश्रण करताना ज्याची त्रुटी कमी त्याला भार जास्त.

समजा, थेट अंदाज ११,५०० रुपये असून त्याची प्रमाण त्रुटी २,००० आहे, आणि नोंदींवरचा अंदाज १४,००० असून त्याची त्रुटी १,००० आहे. भार त्रुटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात द्यायचे. त्रुटी दुप्पट म्हणून भार चौथाई. म्हणजे भार एकास चार. मिश्र अंदाज = (११,५०० + ४ × १४,०००) ÷ ५ = १३,५०० रुपये. याच धर्तीवर अमेरिकेत आज प्रत्येक काउंटीचे, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, मध्यक कौटुंबिक उत्पन्न दरवर्षी काढतात. त्याच कार्यक्रमातून शाळाविभागातील गरीब मुलांची संख्याही अंदाजतात आणि तिच्यावरून शाळांना केंद्रीय निधी वाटतात. आकडा चुकला, तर कुठल्यातरी शाळेचा निधी कमी होतो.

काळाची तुलना : रुपया तोच नसतो

१९९० च्या अमेरिकन जनगणनेनुसार १९८९ सालचे मध्यक कौटुंबिक उत्पन्न ३०,०५६ डॉलर होते. २००० च्या जनगणनेत १९९९ चे ४१,९९४ डॉलर निघाले. वाढ सुमारे ४० टक्के. पण ग्राहक किंमत निर्देशांक याच काळात १२४.० वरून १६६.६ वर गेला, म्हणजे ३४ टक्क्यांनी वाढला. १९८९ चे उत्पन्न १९९९ च्या किमतींत मांडले, तर ते सुमारे ४०,४०० डॉलर होते. दहा वर्षांतली खरी वाढ चारच टक्के.

हा निर्देशांक आपल्या ओळखीचा आहे. महागाई भत्त्याचा हिशेब औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर होतो. २०२० मध्ये त्याचे आधारवर्ष २००१ वरून २०१६ झाले. जुन्या मालिकेशी जोडण्यासाठी नव्या आकड्याला २.८८ ने गुणावे लागते. हे न करता दोन्ही मालिकांतले आकडे शेजारी ठेवले, तर महागाई एका महिन्यात तिपटीने उतरल्यासारखी दिसेल.

सीमांचेही तसेच. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड असे आदिवासी तालुके नव्या जिल्ह्यात गेले आणि उरलेला ठाणे जिल्हा अधिक शहरी झाला. २०११ च्या ठाण्याची २०१५ च्या ठाण्याशी तुलना केली, तर कोणाच्याही घरात एक रुपया न वाढता मध्यक वर गेलेला दिसेल. तुलना करायची असेल, तर दोन्ही वेळी तेच तालुके एकत्र घेतले पाहिजेत.

वर्गात काय करता येईल?

मुलांना घरचे उत्पन्न विचारू नये. ते कोणाला जड जाते, आणि उत्तरेही खरी मिळत नाहीत. त्याऐवजी घरच्या वीजबिलातील महिन्याचे युनिट चिठ्ठीवर नाव न घालता लिहून घ्यावेत. साठ चिठ्ठ्यांचा खरा मध्यक काढून ठेवावा. मग डब्यात चिठ्ठ्या ढवळून पंचवीस काढाव्यात, त्यांचा मध्यक काढावा आणि आठव्या व अठराव्या चिठ्ठीच्या दरम्यान खरा मध्यक येतो का ते पाहावे. वीसेक वेळा हा प्रयोग केला, तर त्रुटीमर्यादा म्हणजे काय हे मुलांना हाताने कळते. नंतर चिठ्ठ्यांची पन्नास-पन्नास युनिटांच्या वर्गांत विभागणी करून सूत्राने मध्यक काढावा आणि खऱ्या मध्यकाशी ताडून पाहावा.

यानंतर उत्पन्नाचा कोणताही आकडा समोर आला, की मुले पाच प्रश्न विचारू शकतील. हा मध्यक आहे की सरासरी? किती घरांवरून काढला, आणि त्रुटीमर्यादा किती? कुटुंब आणि उत्पन्न यांच्या व्याख्या दोन्ही वेळी सारख्याच होत्या का? किमतींतील वाढ वगळली आहे का? आणि प्रदेशाच्या सीमा त्याच आहेत का? पाचांपैकी एकाचे उत्तर मिळत नसेल, तर वाढ झाली की घट, यावर मत देण्याची घाई करू नये.